छताची सफाई : मान न आखडता, स्टुलावर न चढता

पावसाळा सरतो, घटस्थापना जवळ येते आणि शहरांतील घराघरांत साफसफाईचे वेध लागतात. फडताळातील भांडी उतरवली जातात, पडदे धुण्यास निघतात, माळ्यावरचे सामान खाली येते. या गडबडीत डोक्यावरच्या छताकडे लक्ष जाते ते बहुधा सर्वांत शेवटी. वर्षभर त्याच्याकडे कोणी निरखून पाहिलेले नसते. मग कोपऱ्यांतील जळमटे, पंख्याभोवतीचे काळसर वर्तुळ आणि स्वयंपाकघरातील तेलकट पिवळेपणा एकदमच डोळ्यांत भरतो. पलंगावर खुर्ची, खुर्चीवर स्टूल असा मनोरा रचला जातो आणि घरातील गृहिणी पदर खोचून, झाडू घेऊन त्यावर चढते. पुढचे दोन दिवस मान आखडलेली आणि खांदे भरून आलेले, हा अनुभव अनेक घरांना परिचयाचा आहे. पाय घसरला, तर मात्र प्रकरण दोन दिवसांत आटोपत नाही.

वस्तुतः छत साफ करणे हे ताकदीचे काम नसून पद्धतीचे आहे. माणसाने छतापर्यंत चढण्याऐवजी साधन छतापर्यंत पोहोचवावे, हे त्यातील मुख्य सूत्र. जुन्या वाड्यांमध्ये उंच बांबूच्या टोकाला केरसुणी बांधून आढ्याची जळमटे काढली जात. उभे राहायचे जमिनीवरच आणि लांबी द्यायची ती काठीला, हा त्यामागील विचार आजच्या सदनिकांमध्येही तितकाच उपयोगी आहे.

वर पाहताना शरीरात काय घडते?

माणसाच्या डोक्याचे वजन साधारणतः साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असताना हा भार मणक्यांवर समतोल राहतो. मान मागे टाकली की तो तोल ढळतो. मानेच्या मागील बाजूचे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि स्नायूंना डोके सावरून धरावे लागते. त्यातच दोन्ही हात खांद्याच्या वर असतील, तर खांद्याचे स्नायू सतत आकुंचित राहतात. आकुंचित स्नायूला रक्ताचा पुरवठा कमी होतो, म्हणून तो लवकर थकतो. फरशी अर्धा तास पुसणाऱ्या व्यक्तीला छताखाली पाच मिनिटांतच हात जड वाटू लागतात, त्याचे कारण हेच.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने १९९७ साली कामाच्या जागी होणाऱ्या स्नायू व सांध्यांच्या दुखण्यांचा मोठा आढावा घेतला होता. हात ६० अंशांपेक्षा अधिक उचलून सतत वा वारंवार केलेले काम आणि खांद्याची दुखणी यांचा संबंध असल्याचे त्यात नमूद आहे. त्याहूनही जुना दाखला इटलीतला. व्हॅटिकनमधील सिस्टिन चॅपेलचे छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविले. त्याने ते पाठीवर निजून रंगविले असा समज रूढ असला, तरी प्रत्यक्षात परांचीवर उभे राहून, मान मागे टाकून त्याने हे काम केले. त्यापायी शरीराची झालेली दैना त्याने एका मित्राला लिहिलेल्या कवितेत सांगितली आहे.

वर पाहताच चक्कर येते, अशी तक्रारही अनेकजण करतात. ती दर वेळी अशक्तपणामुळे नसते. आपल्या अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. वाढत्या वयात किंवा डोक्याला मार लागल्यानंतर ते जागचे सुटून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये शिरू शकतात. मग मान मागे टाकताच खोली गरगर फिरल्याचा भास होतो. जमिनीवर असताना हा भास काही सेकंदांत ओसरतो. स्टुलावर असताना तेवढे सेकंदही पुरेसे घातक ठरतात. ज्यांना अशी चक्कर पूर्वी येऊन गेली आहे, त्यांनी छताचे काम दुसऱ्यावर सोपवावे, हे उत्तम.

सात फुटांचे गणित

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट असावी लागते. शहरांतील बहुतांश सदनिकांची छते याच उंचीच्या आसपास असतात. आता पाच फूट दोन इंच उंचीची एक स्त्री लांब दांड्याची झाडणी घेऊन उभी आहे, असे धरू. तिचा खालचा हात कमरेजवळ, जमिनीपासून तीन फुटांवर आहे आणि वरचा हात छातीसमोर आहे. कमरेपासून छतापर्यंतचे अंतर उरते सहा फूट. दांडा सरळ उभा न धरता जमिनीशी ६० अंशांचा कोन करून तिरका धरला, तर त्याची लांबी सुमारे सात फूट लागते.

या तिरकेपणाचा लाभ दुहेरी आहे. एक तर हात खांद्याच्या वर जात नाहीत. दुसरे म्हणजे, साफ होणारी जागा डोक्याच्या थेट वर न राहता साडेतीन-चार फूट पुढे राहते. तिकडे पाहण्यासाठी नजर सुमारे ४५ ते ५० अंश वर न्यावी लागते. त्यातील बराचसा भाग डोळेच उचलतात आणि मानेच्या वाट्याला थोडाच कोन उरतो. डोक्याच्या अगदी वरची जागा साफ करताना मात्र पूर्ण ९० अंश वर पाहावे लागते. त्यामुळे आपल्या डोक्यावरचे छत कधीही साफ करू नये, समोरचे करावे, हा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दांडा निवडताना लांबीइतकेच वजन महत्त्वाचे. लांब दांड्याच्या टोकाशी असलेले वजन हाताला कित्येक पटींनी जाणवते. म्हणून ॲल्युमिनियमचा, आत-बाहेर सरकणारा पोकळ दांडा आणि त्यावर हलका गोल ब्रश सोयीचा. तो नसेल, तर हलक्या बांबूला मऊ झाडू दोन ठिकाणी घट्ट बांधून त्यावर जुना सुती पंचा गुंडाळावा. फरशी पुसण्याचा मॉप पाण्यात भिजवून वर नेण्याचा मोह टाळावा. पाणी प्यायलेला मॉप जड होतो, दांड्यावरून पाण्याचे ओघळ हातावर येतात आणि छतावर काळे पट्टे उमटतात.

आधी छताची ओळख

सर्व छते एकाच पद्धतीने साफ करता येत नाहीत. हाताशी येणाऱ्या भिंतीला आणि छताला बहुधा एकच रंग असतो. तसे असल्यास भिंतीवर कोरडे बोट घासून पाहावे. बोटाला पांढरी भुकटी लागली, तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर समजावा. अशा छताला पाणी लावू नये. कोरडी झाडणीच पुरेशी आहे. भुकटी लागली नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत असला, तर तो प्लॅस्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट असण्याची शक्यता असते. तो किंचित ओलसर कापडाने पुसता येतो. मात्र आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहावे.

पीओपी किंवा जिप्समची खोटी छते अलीकडे सर्रास दिसतात. जिप्समला पाणी सोसत नाही. ते मऊ पडते आणि डागाळते. तेथे फक्त मऊ, कोरडा ब्रश वापरावा. दिव्यांच्या खाचांमध्ये ब्रश खुपसू नये, कारण त्यामागे विजेच्या तारा असतात.

जुन्या चाळी आणि बैठ्या घरांमध्ये सिमेंटचे पत्रे असतात. त्यांपैकी अनेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असून ते श्वासावाटे फुप्फुसात जाणे घातक आहे. असे पत्रे कोरडे घासू नयेत, खरवडू नयेत. जळमटे ओलसर कापडाने अलगद टिपून घ्यावीत आणि ते कापड टाकून द्यावे.

प्रत्यक्ष सफाई

धूळ वरून खाली येते, त्यामुळे कामाचा क्रमही तोच हवा. प्रथम छत, मग पंखा व दिवे, मग भिंती आणि शेवटी फरशी. पलंग, सोफा जुन्या चादरींनी झाकून घ्यावेत. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरू नयेत; वर पाहत असताना त्यांवरून पाय घसरतो. खोलीच्या मधोमध येणाऱ्या बादल्या, पायपुसणी, वायर आधीच बाजूला करावेत. पंखा बंद असावा. नाकाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला रुमाल असावा. घरात दम्याचा रुग्ण असल्यास त्याने त्या वेळी दुसऱ्या खोलीत थांबावे आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

जळमट म्हणजे बहुधा कोळ्याने सोडून दिलेले जुने जाळे. त्यावर धूळ आणि धूर साचला की ते काळे दिसू लागते. झाडूचा जोरदार फटकारा मारला, तर हे जाळे छताला चिकटते आणि काळी रेघ मागे उरते. त्याऐवजी ब्रशचे टोक जाळ्याला लावून दांडा हातात गोल फिरवावा. सूत चातीवर गुंडाळावे तसे जाळे ब्रशभोवती गुंडाळले जाते. यास जोर जवळजवळ लागत नाही.

कोपऱ्यांतील जळमटे निघाल्यानंतर छताचे दीड-दोन फुटांचे पट्टे कल्पून एकेक पट्टा स्वतःच्या दिशेने ओढत झाडावा. येथे एक दक्षता अत्यावश्यक आहे. मान वर असताना पाऊल हलवू नये आणि पाऊल हलवताना मान वर नसावी. एक पट्टा झाला की दांडा खाली घ्यावा, खाली पाहावे, जागा बदलावी आणि मगच पुन्हा वर पाहावे. या थांबण्यातच मानेला विश्रांतीही मिळते. दर चार-पाच मिनिटांनी दांडा ठेवून खांदे गोल फिरवावेत, हात खाली सैल सोडावेत आणि वरखाली असलेल्या हातांची अदलाबदल करावी. एका बैठकीत एक खोली पुरे. चार खोल्यांचे घर एका रविवारी उरकण्याऐवजी चार दिवसांत वाटून घेतले, तर दिवाळीत फराळ करायला हात शाबूत राहतात.

स्वयंपाकघराचे छत निराळे. फोडणीच्या वाफेबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब वर जातात, गार छतावर बसतात आणि त्यांवर धूळ चिकटते. येथे आधी कोरडी धूळ काढणे आवश्यक आहे. थेट ओले कापड फिरवल्यास चिखल पसरतो. रंग धुण्याजोगा असल्यास कोमट पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण थोडासा मिसळून त्यात कापड बुडवावे, घट्ट पिळावे आणि ब्रशला बांधून हलक्या हाताने फिरवावे. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने पुसावे. धुण्याचा सोडा तेल कापतो खरा. पण त्याचा थेंब डोळ्यांत गेला तर इजा होते, शिवाय रंगही उतरू शकतो. डोक्यावरच्या कामात तो टाळलेलाच बरा.

न्हाणीघराच्या छतावरील बुरशीसाठी तीव्र ब्लीच वापरण्याची पद्धत आहे. ते वरून थेंबाथेंबाने अंगावर पडते, याचा विसर पडतो. त्याहून गंभीर धोका आहे तो मिश्रणाचा. ब्लीच आणि संडास स्वच्छ करण्याचे आम्ल एकत्र आले, तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. लहानशा, कोंदट न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. ही दोन द्रव्ये एकाच दिवशी, एकाच जागी वापरू नयेत.

शिडी लागणारच असेल तर

लांब दांड्याने सारीच कामे होत नाहीत. दिव्याची काचेची हंडी उतरवायची किंवा पंख्याची पाती नीट पुसायची, तर वर चढावे लागते. बाजारात पंख्यासाठी वाकड्या तोंडाचे लांब ब्रश मिळतात. त्यांनी नियमित धूळ निघते. साचलेला थर काढण्यासाठी उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवून दोन्ही बाजूंनी दाबत बाहेर ओढावा. धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर पडत नाही. मात्र त्याआधी भिंतीवरच्या बटणावर विसंबून न राहता मुख्य स्विच बंद करावा.

चढायचे ते घडीच्या शिडीवरच. प्लॅस्टिकचे स्टूल उन्हात राहून ठिसूळ होते, फिरती खुर्ची ऐनवेळी फिरते आणि पलंगाची गादी कोणत्याही खुर्चीचे पाय स्थिर राहू देत नाही. शिडी पूर्ण उघडून तिचा अडसर बसल्याची खात्री करावी. चारही पाय कोरड्या, सपाट फरशीवर टेकलेले असावेत. सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहू नये. चढता-उतरताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव शिडीला टेकलेले असावेत. आपली बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या बाहेर जाऊ लागली, तर आपण फार वाकलो आहोत असे समजावे. अशा वेळी ताणून हात पोहोचविण्यापेक्षा उतरून शिडी सरकवावी. साडीचा पदर, ओढणी खोचलेली असावी आणि पायांत सपाता नसाव्यात. घरात दुसरी प्रौढ व्यक्ती असल्याखेरीज शिडीवर चढू नये.

हे नियम अतिदक्षतेचे वाटू शकतील. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार, जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे प्राण गमावतात. अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यांवरील अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. उतारवयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, हाडे ठिसूळ झालेली असतात. दोन फुटांवरून पडूनही खुब्याचे हाड मोडू शकते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीच्या डोक्याला मार लागला, तर वरून जखम दिसत नसली तरी तिला तातडीने रुग्णालयात न्यावे. सफाईनंतर हाताला मुंग्या येत राहिल्या, मानेतील कळ दंडात उतरली, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. चक्कर येण्याबरोबर जीभ अडखळली किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर क्षणाचाही विलंब करू नये.

याच संदर्भात आणखी एका गोष्टीचा विचार आवश्यक आहे. स्वतःला जमत नाही, म्हणून अनेक घरांत हे काम धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंवर सोपविले जाते. तेच डुगडुगणारे स्टूल, तीच फिरती खुर्ची. चढणारी व्यक्ती तेवढी बदलते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी २००८ साली कायदा झाला. पण आपल्या छताखाली शिडी भक्कम आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणतेही मंडळ घेऊ शकत नाही. ती घरमालकाचीच आहे. हात मोडला तर त्या बाईंची एका घरची नव्हे, चार घरांची कामे बुडतात. लांब दांड्याची झाडणी, मास्क, पुरेसा वेळ आणि या जादा कामाचा वेगळा मोबदला, एवढे तरी त्यांना मिळालेच पाहिजे.

जो डाग पुसायचा नसतो

छत साफ करताना काही खुणा अशा दिसतात, ज्या पुसून जाणार नाहीत आणि पुसूही नयेत. वरच्या मजल्यावरील न्हाणीघराखाली तपकिरी कडा असलेले वर्तुळ दिसले, तर ती गळती आहे. गळती थांबविल्याशिवाय रंग दिला, तरी डाग पुन्हा उमटतो. छताला फुगवटा आला असेल, सरळ रेषेत तडा गेला असेल किंवा गंजाचे तांबूस ओघळ दिसत असतील, तर आतील लोखंडी सळ्या गंजत असण्याची शक्यता आहे. गंजलेले लोखंड अधिक जागा व्यापते आणि बाहेरच्या काँक्रीटला ढकलून सुटे करते. असे पोपडे झाडूने टोचून पाडण्याचा प्रयत्न करू नये. मोठा तुकडा डोक्यावर येऊ शकतो. त्याखालचा पलंग हलवावा, छायाचित्र काढावे आणि सोसायटीला लेखी कळवावे. राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. वर्षातून एकदा लक्षपूर्वक वर पाहिल्याचा हाही एक लाभ.

वर जाणारी घाण खालीच रोखावी

छत कमी मळले, तर श्रमही कमी होतात. फोडणीपूर्वीच एक्झॉस्ट पंखा लावावा आणि स्वयंपाक झाल्यावर आणखी काही मिनिटे चालू ठेवावा. देवघरावरील छत काळे पडते ते काजळीमुळे. समईची वात लांब आणि ज्योत मोठी असेल, तर तेल पुरते जळत नाही आणि काजळी धरते. वात लहान ठेवल्यास ती बरीच कमी होते. डासांच्या उदबत्त्यांऐवजी खिडक्यांना जाळी बसविली, तर धूरही टळतो आणि कीटकही आत येत नाहीत. दिव्याभोवती कीटक नसले, की कोळ्यांनाही तेथे जाळे विणण्याचे कारण उरत नाही.

महिन्यातून एकदा, खोलीमागे पाच मिनिटे, लांब दांड्याची झाडणी केवळ कोपऱ्यांतून आणि पंख्याभोवतीने फिरविली, तरी जळमटांना काळे होण्याइतका अवधी मिळत नाही. मग दसऱ्याच्या आधी पलंगावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल चढविण्याची वेळच येत नाही. सणाच्या दिवशी घर स्वच्छ असावे, ही इच्छा रास्तच आहे; पण त्या दिवशी घरातील सर्व माणसे धडधाकट असावीत, ही त्याहून मोठी गरज आहे.